रात्री साडेदहाची मीटिंग: ओपन सोर्सच्या वर्किंग ग्रुपमध्ये बसून डेव्हलपरला नेमकं मिळतं काय?

हिंजवडीचं आयटी पार्क मागे टाकून मारुंजी-नेरेच्या बाजूला निघालं की त्याच पट्ट्यात जांबे लागतं. मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, सांगवडे, गहुंजे आणि जांबे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यायची की नाही, याची चर्चा गेली कित्येक वर्षं सुरू आहे. तोवर कारभार ग्रामपंचायतीचा आणि वस्ती मात्र झपाट्याने शहराची. एका बाजूला शेतं, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि टॉवरच्या खिडक्यांत रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपचा उजेड.

समजा, त्यातल्या एका खिडकीत एक डेव्हलपर बसली आहे. दिवसभर कंपनीचं काम झालं, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन जेवण झालं. आता साडेदहा वाजलेत आणि ती एका ओपन सोर्स प्रकल्पाच्या वर्किंग ग्रुपच्या मीटिंगला जोडली गेली आहे. स्क्रीनवर पंधरा-वीस चौकटी, निम्मे कॅमेरे बंद. अजेंड्यावर सात मुद्दे, तिचा सहावा. तास संपतो तेव्हा चौथा मुद्दा चालू असतो. 'उरलेलं पुढच्या वेळी घेऊ', आणि सगळे बाहेर पडतात.

साडेदहा का? कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. बऱ्याच मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांच्या बैठका सकाळी आठ ते दहाच्या या पॅसिफिक वेळेत ठेवल्या जातात. कॅलिफोर्नियात कॉफीचा कप हातात असतो, युरोपात संध्याकाळ झालेली असते, म्हणजे दोन्हीकडचं जमतं. राहता राहिला पुणेकर.

प्रश्न साधा आहे. या मीटिंगचा डेव्हलपरला खरंच उपयोग होतो का? की तेवढ्या वेळात दोन बग सुटले असते?

आधी हे वर्किंग ग्रुप प्रकरण काय आहे ते बघू

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना बघता येतो, बदलता येतो, वापरता येतो असं सॉफ्टवेअर. प्रकल्प लहान असतो तेव्हा एक-दोन माणसं सगळं ठरवतात. तो वाढला, त्यात दहा कंपन्या आणि हजारभर लोक आले, की 'कोण काय ठरवणार' हा प्रश्न उभा राहतो. तिथून गट, समित्या आणि मीटिंगा सुरू होतात.

कुबरनेटीजचं उदाहरण घेऊ. हजारो मशीनवर चालणारी ॲप्लिकेशन्स सांभाळणारं हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये गूगलने खुलं केलं. आज बँकांपासून ओटीटीपर्यंत बऱ्याच सेवांच्या पोटात ते असतं आणि हिंजवडीत ते येणाऱ्याला नोकरी मिळायला मदत होते. या प्रकल्पात दोन प्रकारचे गट आहेत. पहिला 'सिग', म्हणजे स्पेशल इंटरेस्ट ग्रुप. हा कायमचा. नेटवर्कचा वेगळा, स्टोरेजचा वेगळा, दस्तऐवजांचा वेगळा. त्या-त्या भागातल्या कोडची जबाबदारी त्यांच्याकडे. दुसरा वर्किंग ग्रुप. तो एखाद्या कामापुरता. प्रश्न अनेक सिगना छेदून जाणारा असेल तर तेवढ्यासाठी गट करायचा, उत्तर सापडलं की मोडायचा. वर्किंग ग्रुपच्या नावावर कोड नसतो.

गावच्या भाषेत सांगायचं तर सिग म्हणजे ग्रामपंचायत आणि वर्किंग ग्रुप म्हणजे जत्रेची कमिटी. देऊळ काही कमिटीच्या मालकीचं नसतं. जत्रा पार पडली, हिशेब दिला, कमिटी विसर्जित. निदान कागदावर तरी असंच आहे. जत्रा संपल्यावरही ज्यांची कमिटी आणि फ्लेक्स चालूच राहतात अशी गावंही आपल्याला माहीत आहेत, आणि असे वर्किंग ग्रुपही असतात.

या मीटिंगा उघड असतात. कुणीही जोडलं जाऊ शकतं, टिपणांची फाइल सगळ्यांना दिसते, कुबरनेटीजच्या बैठकांचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढतं. तरी 'खुलं आहे' आणि 'येता येतं' यांत फरक आहे.

एक मीटिंग जिचा फायदा लाखोंना झाला

कुबरनेटीजच्या आवृत्त्या भराभर येत. एक आवृत्ती आली की तिच्यातल्या चुका आणि सुरक्षेच्या त्रुटी सुमारे नऊ महिने दुरुस्त केल्या जात. त्यानंतर तुम्ही आणि तुमचं नशीब. स्टार्टअपला हे परवडतं. बँकेला किंवा विमा कंपनीला नाही, कारण तिथे नवी आवृत्ती चढवायची म्हणजे चाचण्या, मंजुऱ्या, शिवाय वर्षअखेरीला 'आता काही हलवू नका' असा आदेश.

२०१८ मध्ये या प्रश्नासाठी एक वर्किंग ग्रुप झाला. २०१९ च्या सुरुवातीला त्याने वापरकर्त्यांचा सर्व्हे घेतला. त्यातून दिसलं की बरेच लोक नऊ महिन्यांत नव्या आवृत्तीवर जाऊच शकत नाहीत, आणि मुदत बारा ते चौदा महिने केली तर आणखी ३० टक्के वापरकर्ते दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवर राहू शकतील. त्यावर लेखी प्रस्ताव तयार झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या १.१९ आवृत्तीपासून मुदत एक वर्षाची झाली. गट मोडला. पुढे २०२३ मध्ये 'याहून जास्त मुदत देता येईल का' हा प्रश्न घेऊन त्याच नावाने गट पुन्हा उभा राहिला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा प्रश्न कोड लिहून सुटणारा नव्हता. कितीही हुशार डेव्हलपर एकट्याने बसून 'मुदत नऊची बारा महिने' असा पॅच पाठवू शकत नाही. जास्त महिने दुरुस्ती म्हणजे जास्त काम. ते काम आवृत्ती बाहेर काढणाऱ्यांच्या डोक्यावर येणार, चाचण्यांची यंत्रं जास्त चालणार, त्याचा खर्च कुणीतरी उचलणार. या सगळ्यांना एकत्र बसवल्याशिवाय 'हो' निघणार नव्हतं. अशा ठिकाणी मीटिंग हेच काम असतं.

आपल्या मराठीलाही याचा अनुभव आहे. वर 'ॲप्लिकेशन्स' या शब्दातलं पहिलं अक्षर बघा. 'ॲ'. संगणकाच्या जगात या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी 'अ' टाइप करून त्यावर अर्धचंद्र चढवावा लागे, आणि आजही अनेक जण तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखं, संगणकाला मात्र वेगळं. म्हणून कधीकधी एकाच शब्दाचा शोध घेतल्यावर निम्मीच उत्तरं येतात. जगातल्या प्रत्येक फोनमध्ये हे अक्षर असावं की नाही हे एका डेव्हलपरने ठरवून चालत नाही. युनिकोडची तांत्रिक समिती ठरावीक काळाने बसते आणि आलेल्या लेखी प्रस्तावांवर निर्णय घेते. प्रस्ताव आधी, चर्चा नंतर. हा क्रम उलटा झाला की काय होतं, तेही पुढे येईल.

पुण्यातलंच आणखी एक उदाहरण. लिनक्स मराठीतून दिसावं यासाठी शहरात बरीच वर्षं काम चाललं होतं. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांवर काम करणारी मंडळी होती, त्यांच्याकडून आलेले 'लोहित' फॉन्ट आजही अनेक लिनक्समध्ये सापडतात. त्याच सुमारास, २००८ च्या आसपास, 'फ्युएल' नावाचा प्रकल्प सुरू झाला. अडचण अशी होती की प्रत्येक अनुवादक आपापल्या घरी बसून भाषांतर करत होता. एका खिडकीत 'साठवा', दुसरीत 'जतन करा', तिसरीत नुसतं 'सेव्ह'. कुणी 'फाइल' लिहायचं, कुणी 'संचिका'. वापरणाऱ्याला वाटावं ही तीन वेगळी बटणं आहेत.

फ्युएलची पद्धत अशी की संगणकावर वारंवार दिसणाऱ्या शब्दांची यादी करायची, त्या भाषेतली माणसं एका खोलीत बसवायची, आणि एकेक शब्द वाचून निकाल लावायचा. अनुवादक, भाषेचे जाणकार, डेव्हलपर सगळे एका टेबलाभोवती. मराठी माणसं एका खोलीत बसून शब्दावर वाद घालणार म्हणजे चहा किती लागला असेल याची कल्पना करा. पण दहा अनुवादक दहा महिने एकमेकांचे शब्द खोडत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. 'संचिका' बरोबर की 'फाइल' बरोबर, याचं उत्तर कोडमध्ये नसतं. ते माणसांनी एकमेकांना पटवूनच ठरतं.

आणि मीटिंगांचा उपयोग न झालेली गोष्ट

आता दुसरी बाजू. तीही कुबरनेटीजमधलीच, आणि जरा धक्का देणारी.

'इनग्रेस एनजीआयएनएक्स' नावाचा एक भाग आहे. बाहेरून येणारी विनंती आतल्या योग्य सेवेपर्यंत पोचवणारा, सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा. जगभरात तुफान वापर. मार्च २०२५ मध्ये 'विझ' या सुरक्षा कंपनीने त्यात गंभीर त्रुटी सापडल्याचं जाहीर केलं. धोक्याच्या मोजपट्टीवर १० पैकी ९.८. विझच्या अंदाजानुसार सुमारे ४३ टक्के क्लाउड वातावरणांना धोका होता आणि साडेसहा हजारांहून जास्त क्लस्टर थेट इंटरनेटवर उघडे होते.

मग प्रश्न आला, या वॉचमनला सांभाळतं कोण? उत्तर नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकल्पानेच अधिकृतपणे दिलं. कित्येक वर्षं एक किंवा दोन माणसं. तीही आपल्या वेळेत, नोकरीनंतर आणि शनिवार-रविवारी. त्याच निवेदनात हा भाग निवृत्त करत असल्याचं जाहीर झालं. मार्च २०२६ पर्यंत जमेल तसं सांभाळू, त्यानंतर दुरुस्त्या येणार नाहीत, सुरक्षेच्याही नाहीत.

यातला खरा मुद्दा पुढे आहे. हा भाग ज्या नेटवर्क सिगच्या छत्राखाली होता, तिथे मीटिंगांची कमतरता नव्हती. त्याच छत्राखाली 'गेटवे एपीआय' नावाची नवी रचना तयार झाली. २०१९ मध्ये सान डिएगोच्या कुबरकॉनमध्ये तिची बोलणी सुरू झाली, अनेक कंपन्यांची माणसं नियमित बसली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये १.० आवृत्ती आली. रचना चांगली आहे, मीटिंगांमुळेच ती झाली. कारण दहा कंपन्यांनी एक नियम मान्य करायचा तर बसावंच लागतं.

म्हणजे एकाच घरात, भविष्यातला रस्ता कसा असावा हे ठरवायला टेबलाभोवती गर्दी, आणि आज ज्या रस्त्यावरून सगळं जग जातंय त्याचे खड्डे बुजवायला दोन माणसं. जुन्याच्या जागी 'इनगेट' नावाचं नवं काही बांधायचा बेत २०२४ मध्ये जाहीर झाला होता. त्या घोषणेनंतरही मदतीला पुरेसे लोक आले नाहीत, आणि इनगेटही गुंडाळायचं ठरलं.

मीटिंगला येणं सोपं असतं, कंपनीच्या वेळेत करता येतं, आणि रिपोर्टमध्ये लिहिता येतं. जुन्या कोडमधली किचकट चूक शोधण्यासाठी रात्र घालवली तर त्याची नोंद फार कुणी घेत नाही. वर्किंग ग्रुपवर टीका करणाऱ्या डेव्हलपरचं म्हणणं इथेच खरं ठरतं. मीटिंग निर्णय देते, हात देत नाही.

मग मीटिंग न घेताच चालणारे प्रकल्प आहेत का?

आहेत, आणि ते लहानसहान नाहीत.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. त्यावर काम करणाऱ्या ईडीबी कंपनीचं पुण्यात मोठं कार्यालय आहे, त्यामुळे हा प्रकल्प पुण्यात अनेकांच्या रोजच्या ओळखीचा. तिथे दर आठवड्याच्या मीटिंगचं प्रस्थ नाही. पॅच ईमेलवर पाठवायचा. वर्षातून काही वेळा महिनाभराचा 'कमिटफेस्ट' असतो. त्यात प्रलंबित पॅचची यादी लागते, कोण तपासणार ते ठरतं आणि एकेक मार्गी लागतो. समोरासमोर भेटणं होतं ते वार्षिक परिषदेत, एरवी सगळं लिहून. लिनक्स कर्नलचंही मूळ तेच, पॅच आणि त्यावरची चर्चा ईमेलवर.

अपाची फाउंडेशनच्या गोटात तर एक म्हणच आहे, की जे मेलिंग लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही. त्यांच्याकडे मतदान साधारण किमान ७२ तास खुलं ठेवतात. तीन दिवस का? जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला झोपून, उठून, विचार करून उत्तर देता यावं म्हणून. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या वर्किंग ग्रुपमध्येही प्रत्यक्ष बैठकीत झालेली सहमती नंतर ईमेलवर पक्की करावी लागते. खोलीत हजर असलेल्यांनी परस्पर उरकलं, असं होऊ नये म्हणून.

जांबेतल्या आपल्या डेव्हलपरला यातलं काय सोयीचं? सरळ आहे. लिहून चालणाऱ्या प्रकल्पात ती सकाळी आठ वाजता चहा घेत कालची चर्चा वाचते, अडलेला शब्द शोधते, दुपारी उत्तर लिहिते. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही ती अशी. आपल्याकडचे असंख्य चांगले डेव्हलपर मराठी माध्यमातून शिकून आलेत. त्यांचं लिहिलेलं इंग्रजी स्वच्छ असतं. पण चार अमेरिकन माणसं भराभर, एकमेकांचं वाक्य तोडत, मध्येच बेसबॉलचा विनोद करत बोलू लागली की मुद्दा सुचून वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. बोलण्याच्या शर्यतीत ते मागे पडतात, लिहिण्याच्या नाही. मीटिंग हा मंच सगळ्यांना सारखाच खुला असला तरी सारखाच सपाट नाही.

गप्प बसणं म्हणजे संमती?

ग्रामसभेचा एक नियम इथे आठवतो. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. जे आले तेच गाव. गावात ज्यांना हे गणित कळतं ते त्याचा उपयोग करतात, हे काही गुपित नाही.

ओपन सोर्समध्ये यासारखंच काहीसं 'लेझी कन्सेन्सस' या नावाने चालतं. प्रस्ताव मांडला, ठरलेल्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे मंजूर. पद्धत वाईट नाही. प्रत्येक गोष्टीवर शंभर जणांची सही मागितली तर काहीच हलणार नाही. पण मुदत किती आणि प्रस्ताव मांडला कुठे, यावर सगळं अवलंबून. लिहून तीन दिवस ठेवला तर पुण्यातल्या माणसाची शांतता ही खरंच संमती. रात्री अकराच्या मीटिंगमध्ये तोंडी विचारून 'कुणाची हरकत? नाही? चला पुढे' म्हटलं, तर ती शांतता म्हणजे नुसती झोप.

काही गटांनी यावर उपाय करून पाहिले. कुबरनेटीजमधल्या काही सिगनी आशियाच्या सोयीच्या वेळेला वेगळी बैठक ठेवली. कल्पना चांगली, पण अडचण अशी की निर्णय घेण्याचा अधिकार असलेली माणसं बहुतेक अमेरिकेत आणि युरोपात. आशियाच्या बैठकीत उत्साह असतो, नवखे असतात, प्रश्न असतात, पण 'हो' म्हणणारा माणूस तेव्हा तिकडे झोपलेला असतो.

तरीही लोक जागतात ते कशासाठी?

कारण ओळख.

कुबरनेटीजमध्ये अधिकृत सदस्य व्हायचं तर प्रकल्पातल्या दोन जुन्या माणसांनी तुमच्यासाठी शब्द टाकावा लागतो, आणि ते दोघं एकाच कंपनीचे चालत नाहीत. कोड चांगला असेल तर तो बघून कुणी शब्द टाकेलही. पण दोन महिने मीटिंगमध्ये चेहरा दिसलेल्या, एखादं टिपण लिहून दिलेल्या माणसासाठी शब्द टाकणं सोपं जातं. माणसं अशीच असतात, सॉफ्टवेअर खुलं असो नाहीतर बंद. नवख्या डेव्हलपरला मीटिंगचा सगळ्यात मोठा फायदा हाच. अजेंड्यावर काय झालं याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

याच्या उलट, एकटं पडण्याची किंमत काय असते हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. 'एक्सझेड' नावाचं फाइल लहान करणारं छोटंसं सॉफ्टवेअर, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणारं, ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता. थकलेला, तब्येतीच्या तक्रारी असलेला. काही अनोळखी खात्यांनी ईमेलवरून त्याच्यावर 'जमत नसेल तर दुसऱ्याला दे' असा दबाव आणला. मदतीला आलेल्या एका 'जिया टॅन' नावाच्या खात्याला हळूहळू अधिकार मिळाले आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना लॉगिन होताना साधारण अर्धा सेकंद उशीर होतोय असं जाणवलं, म्हणून तो सापडला. नाहीतर काय झालं असतं याचा विचार नकोसा वाटतो.

मीटिंग असत्या तर हे टळलं असतं असं ठामपणे म्हणता येत नाही. कॅमेऱ्यासमोरही माणूस खोटं बोलू शकतो. पण दर पंधरा दिवसांनी चार जण एकमेकांशी बोलत असते, तर 'हा माणूस थकलाय' हे तरी कुणाच्या लक्षात आलं असतं. लेखी पद्धतीत हेच दिसत नाही. ईमेलला आवाज नसतो.

आता ज्या मीटिंगला न जाणं महाग पडू शकतं

गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवं प्रकरण आलंय, आणि हिंजवडीतून युरोपसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाचा त्याच्याशी संबंध येणार आहे. युरोपियन युनियनचा 'सायबर रेझिलिअन्स ॲक्ट'. युरोपात विकल्या जाणाऱ्या, सॉफ्टवेअर असलेल्या वस्तूंच्या सुरक्षेची जबाबदारी ठरवणारा कायदा. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याचा मसुदा आला तेव्हा ओपन सोर्सवाल्यांच्या पोटात गोळा आला. फुकट कोड लिहून देणाऱ्या माणसावरही कारखानदारासारखी जबाबदारी येईल की काय, अशी त्यातली भाषा होती. एप्रिल २०२३ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनसह अनेक संस्थांनी उघड पत्र लिहिलं. तक्रार अशी, की आमच्यावर परिणाम करणारा कायदा होतोय आणि आम्हाला पुरेसं विचारलंच नाही.

पुढे बोलणी झाली. अंतिम कायद्यात 'ओपन सोर्स स्टुअर्ड' असा वेगळा वर्ग आला. प्रकल्पाला आधार देणाऱ्या संस्थांसाठी हलक्या जबाबदाऱ्या, आणि त्यांना दंड नाही. व्यवसाय म्हणून न करता ओपन सोर्स लिहिणारा डेव्हलपर या जाळ्याबाहेर राहिला. कायदा १० डिसेंबर २०२४ ला लागू झाला. त्रुटी कळवण्याची सक्ती ११ सप्टेंबर २०२६ पासून, आणि मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून.

आता या अटी पाळायच्या म्हणजे नेमकं काय करायचं, याचे तपशील ठरतायत. त्यासाठी अपाची, पायथन, रस्ट, पीएचपी, ब्लेंडर, ओपनएसएसएल आणि एक्लिप्स या प्रकल्पांच्या संस्था २०२४ मध्ये एकत्र आल्या, आणि एक्लिप्सच्या छत्राखाली एक वर्किंग ग्रुप उभा राहिला. इथली चर्चा कोडची नाही, कागदांची आहे, आणि कंटाळवाणी आहे. पण उद्या पुण्यातल्या कंपनीने गाडीतल्या सॉफ्टवेअरमध्ये एखादी खुली लायब्ररी वापरली, तर तिची तपासणी कुणी करायची आणि कागद कुणी द्यायचे, याची रूढी इथे पडणार. युरोपातले दुपारचे चार म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेसात. साडेदहापेक्षा बरं.

जायचं की नाही, हे कसं ठरवणार?

सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे त्या गटाच्या मागच्या तीन-चार बैठकांची टिपणं उघडून बघणं. ती उघड असतात, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. टिपणांत नुसती 'चर्चा झाली, चर्चा झाली' असेल, तर रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ऐकलं तरी पुरतं. प्रत्येक मुद्द्यापुढे निर्णय, कुणाच्या नावावर काम आणि कोडची लिंक असेल, तर तो गट जिवंत आहे. बोलणाऱ्यांची नावं मोजायची. दर वेळी तेच तीन जण आणि तिघेही एकाच कंपनीचे असतील, तर ती त्या कंपनीची मीटिंग आहे, आपण प्रेक्षक. आणि आपला मुद्दा आधी लिहून टाकता येतो का, न जाता त्यावर उत्तर मिळतं का, हे एकदा करून बघायचं. चांगल्या गटात मिळतं.

दुसरी गोष्ट पैशाची. कंपनी पगारात हे काम मोजत असेल, तर रात्री साडेदहाला बसलेली व्यक्ती दुसऱ्या दिवशी अकराला ऑफिसला जाऊ शकते. कॉलेजातल्या किंवा हौसेने करणाऱ्या डेव्हलपरला ती सोय नाही. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तेव्हा भारतातून इतका पैसा या क्षेत्रात जातोय म्हणून कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. पण असा पैसा प्रकल्पाच्या खात्यात जातो. जांबेत जागून बसलेल्या माणसाच्या तासाचा हिशेब अजून कुठल्याच वहीत नाही.

राहता राहिली वेळ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे. भारतात घड्याळ हलत नाही. त्यामुळे दर नोव्हेंबरात साडेदहाची मीटिंग कुणीही न ठरवता साडेअकराची होते. अजेंड्यावर वेळ तीच छापलेली असते, सकाळी दहा.